रिमास्टर ऐकण्याआधी आवाज सारखा करा

लेड झेपलिनचा 'फिजिकल ग्रॅफिटी' हा दोन तबकड्यांचा अल्बम २४ फेब्रुवारी १९७५ला निघाला. त्याला चाळीस वर्षं होत असताना, फेब्रुवारी २०१५मध्ये, गिटारवादक आणि निर्माता जिमी पेजच्या देखरेखीखाली त्याची रिमास्टर केलेली आवृत्ती आली. आज मोबाइलवर हा अल्बम शोधलात तर बहुतेक हीच आवृत्ती समोर येते, गाण्याच्या नावापुढे 'रिमास्टर' असं लिहिलेली. म्हणजे जुनी आवृत्ती ऐकून मोठे झालेले श्रोते, मनात असो वा नसो, आता नवीच ऐकताहेत. काहींना वाटतं, अल्बम पहिल्यांदाच नीट ऐकू आला. काहींना वाटतं, त्यातली जान गेली. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीतही या दोन्ही मतांची माणसं आहेत. संख्येने थोडी, पण आवाजाने भरपूर.

त्यांचं ऐकताना मला राहून राहून वाटतं की निम्म्या लोकांनी अल्बमबद्दल मत दिलेलंच नसतं. कोणी आवाजाच्या पातळीबद्दल बोलत असतो, कोणी स्वतःच्या जुन्या कॅसेटबद्दल. जुना अल्बम नव्याने जोखायचा असेल तर या दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. ते कसं करायचं, हे या लेखात सांगतो. उदाहरण झेपलिनचं घेतलं आहे, पण हीच रीत बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'ला, पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'ला किंवा बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्या, जुन्या भावगीतांच्या नव्या सीडीलाही लागू पडते.

आधी स्वतःला विचारा, तुमच्या आठवणीत नक्की कोणता अल्बम आहे?

ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या शहरात इंग्रजी रॉक यायचं ते मुख्यतः कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर. घाटी मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर किंवा इंजिनिअरिंगला शिकणारा कोणाचा तरी भाऊ मुंबईहून एक प्रत आणायचा आणि टू-इन-वनवर तिच्या पुढच्या प्रती निघायच्या. 'फिजिकल ग्रॅफिटी'ची लांबी साधारण ब्याऐंशी मिनिटं. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूवर पंचेचाळीस मिनिटं मावतात. पहिल्या तबकडीची एकोणचाळीस मिनिटं एका बाजूला, दुसरीची त्रेचाळीस दुसऱ्या बाजूला. अगदी मापात बसायचा. साठ मिनिटांचीच कॅसेट हाताशी असली की कोणीतरी दोन-चार गाणी उडवायचा, आणि ती कोणती हे तो उडवणाराच ठरवायचा. तुमच्या कॅसेटवर 'नाइट फ्लाइट' नव्हतं तर तुमच्या लेखी ते अल्बममध्ये नाहीच!

कॅसेटवरून कॅसेट केली की दर पिढीला तार सप्तकातली बारीक झळाळी कमी होते आणि सरसर वाढते. डेकचा पट्टा सैल किंवा मोटर जरा जोरात चालणारी असली की सूरही सरकतो. त्यामुळे नवी आवृत्ती 'संथ' किंवा 'उतरलेली' वाटली, तर दोष रिमास्टरला देण्याआधी जुना टेप आठवा. वर्षानुवर्षं पाव-अर्धा सूर चढलेलं गाणं कानात बसलं असेल तर मूळ सुरातलं गाणं मरगळलेलं वाटणारच.

आणखी एक गोष्ट वयाची. पन्नाशी ओलांडली की अतिउच्च कंप्रतेचे ध्वनी कानाला कमी कळू लागतात. रिमास्टर करणाऱ्याने झांजेच्या वरच्या किणकिणीवर केलेली मेहनत तुम्हाला ऐकूच येत नसेल, तर तिच्याबद्दल मत घरातल्या विशीतल्या मुलीला किंवा पुतण्याला विचारा. त्याला कमीपणा मानू नका.

मग नव्या आवृत्तीत नेमकं काय केलं आहे, ते वाचा. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं आणि आपण ते सहसा वाचत नाही. रिमास्टर म्हणजे गाण्याचं मिश्रण जसं होतं तसंच ठेवून त्या तयार टेपवरून नवी प्रत काढणं. टेप नव्याने संगणकात उतरवतात, पातळी आणि खर्ज-तार यांचा तोल थोडा सावरतात, बस्स. रिमिक्स हे निराळं प्रकरण. तिथे गिटार, ड्रम, गळा असे सुटे ट्रॅक पुन्हा उघडून त्यांची सरमिसळ नव्याने करतात. 'व्हाइट अल्बम'ची २००९मधली आवृत्ती रिमास्टर होती आणि २०१८मधली, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचा मुलगा जाइल्स मार्टिन याने केलेली, रिमिक्स. दोन्ही ऐकून 'नवी आवृत्ती आवडली नाही' असं म्हणणाऱ्याने कोणती, ते सांगायला हवं. तिसराही एक प्रकार असतो. रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' या १९७२च्या दुहेरी अल्बमची २०१०मध्ये नवी आवृत्ती आली, तेव्हा सोबत दिलेल्या 'न निघालेल्या' गाण्यांपैकी काहींवर मिक जॅगरने तेव्हा नव्याने गायलं होतं. म्हणजे जुनी पाटी आणि ताजं अक्षर. झंकार बीट्सच्या कॅसेटींवर वाढलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटू नये. आपल्याकडे तर रफींच्या आणि लताबाईंच्या गाण्यांखाली ढोलकीचे ठोके घालून ती 'नवी' म्हणून खपवली गेली आणि आपण टॅक्सी-टमटममध्ये ती ऐकलीही.

'फिजिकल ग्रॅफिटी'च्या बाबतीत यातलं काही झालेलं नाही. मिश्रण १९७५चंच आहे. ते कीथ हारवुड याने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत केलं होतं. नव्वदच्या दशकातल्या सीडीसाठी रिमास्टरिंग जॉर्ज मरिनो याने केलं, २०१५साठी लंडनच्या मेट्रोपोलिस स्टुडिओतल्या जॉन डेव्हिसने. म्हणजे जुन्या आणि नव्या प्रतीतला फरक तोल आणि पातळी यांचा. इतका बारीक फरक ओळखायचा तर तुलना नीट बांधून करावी लागते.

पातळी सारखी करण्याचं काम

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. एकच गाणं जरा मोठ्या आवाजात लावलं की माणसाच्या कानाला ते 'चांगलं' वाटतं. खर्ज भरलेला वाटतो, झांजा उजळ वाटतात, गळा पुढे आल्यासारखा वाटतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये याचे आलेखच मांडले: आवाज हलका असताना आपला कान खर्ज आणि अतितार कमी पकडतो, आवाज वाढवला की दोन्ही उचलून धरतो. नव्या प्रती बहुधा जुन्या सीडीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात काढलेल्या असतात. तेव्हा काहीही न करता दोन्ही पाठोपाठ लावल्या तर नवी जिंकते. ती जीत आवाजाच्या बटणाची असते.

नव्वदच्या दशकानंतर कंपन्यांनी या कमजोरीचा धंदा केला. गाण्यातले हलके भाग उचलायचे, मोठे भाग दाबायचे, आणि सगळं एका उंचीवर आणून ठेवायचं. दहीहंडीच्या दिवशी गुलमंडीच्या चौकात, स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे सगळं मोठं असतं, म्हणून काहीच मोठं वाटत नाही. झेपलिनच्या या नव्या प्रतीत तो प्रकार बेताचा आहे, हे माझं मत. पण माझ्या मतावर जाऊ नका, तपासा.

स्पीकरवर ऐकत असाल तर मोबाइलवर ध्वनिपातळी मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या. फोन तुमचा कान असतो त्या जागी, म्हणजे खुर्चीच्या पाठीशी, ठेवा. जुन्या प्रतीतला गाण्याचा एक तुकडा लावा, आकडा बघा. नव्या प्रतीतला तोच तुकडा लावा आणि आवाज असा जुळवा की आकडा एका डेसिबलच्या आत सारखा येईल. असं ॲप प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण तुलनेला पुरतं, कारण चूक असली तरी दोन्हीकडे तीच असते. संगणकावर दोन्ही प्रती असतील तर 'फूबार' सारख्या प्लेअरमध्ये रिप्लेगेन नावाची सोय असते, ती हे काम आपोआप करते. स्पॉटिफायवर सेटिंगमध्ये आवाजाची पातळी सारखी ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू आहे का बंद, हे आधी पाहून ठेवा. आणि फोनमधला इक्वलायझर, 'बास बूस्ट', 'सिनेमा साउंड' असले सगळे चमत्कार बंद करा. ते चालू ठेवून केलेली तुलना ही फोन बनवणाऱ्या कंपनीची तुलना होते.

हेडफोनवर पातळी मोजणं अवघड, तिथे कानानेच गळा जुळवून घ्यावा लागतो. गायक रॉबर्ट प्लांटचा गळा दोन्हीकडे सारखा जवळ वाटला की थांबा. हेडफोन तारेचा असेल तर उत्तम. पैठण गेटला मोबाइलच्या दुकानांतून साधा तारेचा हेडफोन आणि लागल्यास त्याचा जोड सहज मिळतो. ब्लूटूथवर ऐकायचं असेल तर दोन्ही प्रती ब्लूटूथवरच ऐका. एक तारेवर, एक हवेतून, असं नको.

यानंतरची पायरी घरातल्या दुसऱ्या माणसाची आहे. प्रती बदलण्याचं काम त्याच्याकडे द्या आणि कोणती वाजते आहे ते त्याने सांगायचं नाही. तुम्ही फक्त पहिली की दुसरी आवडली, एवढं कागदावर लिहायचं. काही फेऱ्या झाल्या की कागद बघा. तुमची निवड प्रत्येक वेळी वेगळी निघाली असेल, तर दोन्ही प्रतींत तुमच्या कानाला फरक नाही. हाही निकालच आहे, आणि पैसे वाचवणारा निकाल आहे.

राहिली जागा आणि वेळ. व्यापारी भागासाठी कायद्याने दिवसाची आवाजाची मर्यादा ६५ डेसिबल ठेवली आहे. ती गुलमंडीत कितपत पाळली जाते हे सुपारी हनुमानाच्या मंदिरापाशी संध्याकाळी उभं राहणाऱ्याने ठरवावं. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घरात राहणाऱ्याने संध्याकाळी रॉकच्या प्रतींची तुलना करू नये. हॉर्न आणि गिऱ्हाइकांच्या गलक्यात हलके भाग बुडतात आणि तुम्ही नकळत आवाज वाढवत नेता. दुकानं उघडण्याआधीची सकाळ किंवा शटर पडल्यानंतरची रात्र घ्या. पंखा बंद करायला सांगणार होतो, पण मे महिन्यातल्या मराठवाड्यात तो सल्ला देण्याचं धाडस होत नाही. निदान दोन्ही प्रतींना पंखा एकाच वेगावर ठेवा.

काय ऐकायचं

अख्खा अल्बम पाठोपाठ दोनदा लावून कोणालाच काही कळत नाही. कान थकतो. त्याऐवजी मोजके तुकडे निवडा.

पहिला तुकडा सोपा. 'ब्लॅक कंट्री वुमन' हे गाणं १९७२मध्ये स्टारग्रोव्ह्ज या मिक जॅगरच्या घराच्या बागेत, उघड्यावर ध्वनिमुद्रित केलं गेलं. सुरुवातीलाच डोक्यावरून विमान जातं आणि बँड ते तसंच राहू देतो. ते विमान दोन्ही प्रतींत ऐका. कोणत्या प्रतीत ते अंगणावरून गेल्यासारखं वाटतं आणि कोणत्या प्रतीत नुसती घरघर? मोकळ्या जागेची हवा पकडण्यात प्रत किती चांगली आहे, हे इथे चटकन कळतं. तसंच 'इन माय टाइम ऑफ डाइंग'चा शेवट ऐका. अकरा मिनिटांच्या घणाघातानंतर खोकल्याचा आवाज आणि खोलीतली बोलाचाली ऐकू येते. ती खोली म्हणजे हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज, एके काळचं गरिबांचं आश्रयगृह. तिथे बाहेर फिरता स्टुडिओ उभा करून १९७४मध्ये या अल्बमची आठ नवी गाणी बांधली गेली. जॉन बॉनमचा ड्रम त्या घराच्या भिंतींसह ऐकू यायला हवा. चांगल्या प्रतीत टोल्यानंतर खोलीचा श्वास राहतो, दाबलेल्या प्रतीत टोल्याला टोला चिकटतो.

मग 'कश्मीर'. आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं आणि सगळ्यात कमी मोजलं गेलेलं गाणं. बॉनमचा ठेका चार मात्रांचा आहे आणि त्यावर गिटार-तंतुवाद्यांची चढती आकृती तीन मात्रांची. दोन्ही वेगवेगळ्या चालीने चालतात आणि बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एका ठिकाणी येतात. एकतालाची सवय असलेल्याने बोटांवर मोजून पाहावं, सम अगदी हाताला लागते. इथे नव्या प्रतीची कसोटी अशी: जॉन पॉल जोन्सचा मेलोट्रॉन (टेपवरचे तंतुवाद्यांचे आवाज वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य), खरी तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं यांचे तीन थर वेगळे सांगता येतात का? कॅसेटवर तो एक जाड पडदा होता. सीडीवर पडद्याला घड्या दिसू लागल्या. २०१५च्या प्रतीत मला पितळी वाद्यांची कड स्पष्ट वाटते, तंतुवाद्यांबाबत मात्र फार फरक वाटत नाही. तुमचं उत्तर वेगळं आलं तर ते बरोबर असू शकतं. एवढंच की पातळी जुळवून आलेलं असावं.

'इन द लाइट'ची सुरुवातही अशीच निवडा. जोन्सचा सिंथेसायझर आणि पेजने गजाने वाजवलेली गिटार यांची एक लांबच लांब आस धरलेली आहे, तीवर सूर सरपटत वर येतो. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला या आसेतली थरथर लगेच कळते. प्रत वाईट असेल तर ती थरथर सपाट होते. जुन्या ७८च्या ध्वनिमुद्रिकांवरची खरखर काढताना काही सीडींत गायकाच्या सुराची धारही निघून गेली, तोच हा प्रकार. 'टेन इयर्स गॉन'मध्ये पेजने एकावर एक रचलेल्या गिटारी मोजायचा प्रयत्न करा. नेमका आकडा आला नाही तरी चालेल, कोणत्या प्रतीत जास्त मोजता आल्या ते लिहून ठेवा.

'कश्मीर'बद्दल जाता जाता. शब्द प्लांटला सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या ओसाड रस्त्यावर गाडी चालवताना. गाणं झालं तेव्हा बँडमधल्या कोणीही काश्मीर पाहिलेलं नव्हतं. मुंबई मात्र पाहिली होती. १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये त्यांनी वाजवलं, आणि इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५चा जुलै उजाडला. 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ती आहेत, दुसऱ्या गाण्याचं नाव तिथे 'फोर हँड्स' असं आहे. तबल्यावर आणि तंतुवाद्यांच्या ताफ्यावर बसवलेलं झेपलिन ऐकल्यावर 'कश्मीर'मधला तो पौर्वात्य बाज कुठून कुठे गेला असेल, याचा विचार मराठी श्रोत्याने तरी करावा. पेज-प्लांटच्या त्या मुंबई भेटीच्या चार वर्षं आधी, जानेवारी १९६८मध्ये, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननेही मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन काम केलं होतं. मुंबई आणि इंग्रजी रॉक यांचा हा व्यवहार आपल्याकडे फार कमी लिहिला गेला आहे. तो वेगळा विषय.

चार बाजूंचा अल्बम

प्रतींची तुलना संपली की ती विसरा आणि मग खरं पुनर्मूल्यांकन सुरू करा. अल्बम बाजू धरून ऐका. पहिली बाजू एकवीस मिनिटांच्या आसपास, दुसरी अठरा, तिसरी बावीसच्या वर, चौथी एकवीसला थोडी कमी. तबकडीच्या एका बाजूला साधारण एवढंच मावतं. बाजू लांबली की चर जवळजवळ कापावे लागतात आणि आवाज थोडा खाली ठेवावा लागतो. त्यामुळे गाण्यांचा क्रम लावणाऱ्याला दर बाजूची सुरुवात आणि शेवट विचार करून ठरवावा लागे. 'कश्मीर' दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे. ते संपल्यावर उठून तबकडी बदलायची, हा त्या रचनेचाच भाग. मोबाइलवर ते संपतं न संपतं तोच 'इन द लाइट'ची आस सुरू होते आणि दोन्ही गाण्यांचं नुकसान होतं. तेव्हा दुसऱ्या बाजूनंतर मोबाइल थांबवा, चहा टाका, मग तिसरी बाजू लावा. शफल तर चुकूनही नको.

या अल्बमवरचा जुना आक्षेप असा की यात भरताड आहे. त्याला आधार आहे. १९७४च्या आठ गाण्यांनी तीन बाजूंच्या आसपास जागा भरली. एका तबकडीला जास्त, दोन तबकड्यांना कमी. म्हणून आधीच्या अल्बमांतून मागे राहिलेली सात गाणी घेतली. 'ब्रॉन-यर-ऑर' १९७०चं, 'नाइट फ्लाइट', 'डाउन बाय द सीसाइड' आणि 'बूगी विथ स्टू' १९७१ची, बाकी तीन १९७२ची. त्यातलं 'हाउसेस ऑफ द होली' तर याच नावाच्या आधीच्या अल्बममधून वगळलं गेलेलं! तेव्हा ऐकताना एक वही घ्या आणि दर गाण्यापुढे नवं की मागचं, हे आधी स्वतः ओळखून लिहा, मग वरची यादी पडताळा. जे मागचं गाणं तुम्हाला नवं वाटलं, ते भरताड नाही.

माझा निकाल सांगतो. 'द रोव्हर' मागे ठेवलेलं गाणं आहे यावर आजही विश्वास बसत नाही. 'डाउन बाय द सीसाइड' तिसऱ्या बाजूवर 'टेन इयर्स गॉन'च्या आधी आलं म्हणूनच शोभतं, एकटं ऐकलं तर मिळमिळीत आहे. 'बूगी विथ स्टू' मात्र मित्रांची मौज, तिला जॉन डेव्हिस काय किंवा आणखी कोणी काय, वजन देऊ शकत नाही. रिमास्टरने ध्वनी सुधारतो, गाणं सुधारत नाही. तिसरी बाजू अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात एकसंध, आणि कॅसेटच्या काळात आपण तिलाच सर्वांत कमी ऐकलं, कारण ती 'बी' बाजूला होती आणि हात नेहमी 'कश्मीर'कडे जायचा.

फेरतपासणी श्रेयाचीही व्हायला हवी. 'इन माय टाइम ऑफ डाइंग' हे बँडच्या चौघांच्या नावावर आहे. मुळात ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं भक्तिगीत. ब्लाइंड विली जॉन्सनने त्याचं एक रूप १९२७मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं आणि बॉब डिलनने आपल्या १९६२च्या पहिल्याच अल्बममध्ये ते गायलं होतं. 'बूगी विथ स्टू'च्या श्रेयात 'मिसेस व्हॅलेन्स' असं नाव आहे, ती रिची व्हॅलेन्स या अकाली गेलेल्या गायकाची आई. म्हणजे एका गाण्याला कर्ज मान्य, दुसऱ्याला नाही. पारंपरिक बंदिश कोणाची, या वादावर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या मैफलीच्या श्रोत्यांनी इथेही तेवढंच चोखंदळ असावं.

पाकीटही बघा, शक्य असेल तर खरं. न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरची एक जुनी चाळवजा इमारत आहे आणि तिच्या खिडक्या कापलेल्या आहेत. आतलं पाकीट सरकवलं की खिडक्यांत वेगवेगळी माणसं दिसतात. चौकोनात बसावी म्हणून छायाचित्रातल्या इमारतीचा एक मजला गाळला आहे. मोबाइलच्या पडद्यावर हे काहीच कळत नाही.

खर्च करण्याआधी

आधी मोबाइलवर २०१५ची प्रत पूर्ण ऐका. त्यानंतरही विकत घ्यावीशी वाटली तर साधी दोन तबकड्यांची आवृत्ती पुरे. डिलक्स आवृत्तीत सात कच्च्या मिश्रणांची सोबतची तबकडी आहे. तिच्यात 'इन द लाइट'चं वेगळ्या शब्दांचं आधीचं रूप तेवढं खरोखर ऐकण्याजोगं आहे, बाकीचे फरक शोधून काढावे लागतात. सुपर डिलक्स पेटी ही कपाटात ठेवण्याची वस्तू आहे. ऐकणाऱ्याला तिची गरज नाही.

जुनी तबकडी घेणार असाल, मुंबईच्या चोर बाजारातून असो वा ओळखीच्या संग्राहकाकडून, तर उजेडात तिरकी धरून चरे बघा, आडवी धरून वाकली आहे का ते बघा, आणि शक्य असेल तर तिसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं वाजवून घ्या. आतल्या चरांची झीज तिथेच बोलते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तबकड्या पत्र्याच्या छताखाली किंवा एकावर एक आडव्या ठेवू नका, उभ्या ठेवा. पेटीसारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई जड पडते, आणि जी तबकडी जपायला तुम्ही पैसे मोजले तिलाच ती खाते. बऱ्या प्लेअरवर सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. हे आकडे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आले नाहीत, तर दुसरं दुकान बघा.

आणि एकाच वस्तूला पैसे असतील तर? जुनी सीडी धडधाकट असेल तर 'फिजिकल ग्रॅफिटी'वर पुन्हा खर्च करू नका. त्या पैशात 'कोडा'ची २०१५ची आवृत्ती घ्या, तिच्यात मुंबईची दोन गाणी आहेत आणि ती तुमच्या जुन्या सीडीत कुठेच नाहीत.